ओट्याची उंची

"घरात माणसं किती?" शिकलगारांनी विचारलं.

मी चहा गाळत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून भिंतींकडे बघत होते. एका हातात मोजायचा टेप, कानावर पेन्सिल.

"दोघी," मी म्हटलं.

"दोघी म्हणजे?"

"मी आणि माझी धाकटी बहीण. चंदना."

"आत्ता घरात नाहीत वाटतं."

"बेळगावला गेलीय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. चंदना बेळगावला गेली होती. फक्त जाऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि ती लग्न करून गेली होती. पण तेवढं शिकलगारांनी विचारलं नव्हतं, मग मीही सांगितलं नाही. त्यांनी हातातल्या कागदावर घराची चौकट काढली, तिच्यात दोन गोल काढले आणि चहा घेतला. मला ते दोन गोल बघून बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

"दोघी" हे माझ्या तोंडून सवयीनं गेलं होतं. आई गेल्यापासून आमचं तेच उत्तर होतं. दूधवाल्यानं विचारलं, लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं विचारलं, जनगणनेवाला आला, तरी आम्ही दोघी. त्रिशला आणि चंदना मगदूम, विश्रामबाग, सांगली. लोकांनीही आमची नावं वेगवेगळी घेणं कधीच सोडून दिलं होतं. "मगदूम भगिनी" म्हणायचे, जणू आमचं भांड्यांचं दुकान आहे.

घर अप्पांनी बांधलेलं. तीन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा त्यांनी आईच्या मापानं करून घेतला होता, आणि आमची आई चांगलीच बुटकी. आम्ही दोघी गेलो अप्पांच्या वळणावर. तिच्या पश्चात दोघींनी त्या ओट्याशी वाकून वाकून इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या की माझ्या पाठीनं शेवटी संप केला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण आधी ओटा उंच करा. त्याच आठवड्यात छताचं गिलाव्याचं ढेपूळ आमटीत पडलं. मग मात्र मी शिकलगारांना फोन केला.

यासीन शिकलगार म्हणजे तेव्हा सांगलीतली नवी टूम होती. आधी गवंडी वेगळा, सुतार वेगळा, प्लंबर वेगळा, आणि तिघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडणारे. शिकलगार म्हणायचे, नकाशापासून पडद्याच्या दांडीपर्यंत सगळं आमच्याकडं. त्यांच्या पाटीवरच लिहिलेलं होतं, "चावी द्या, चावी घ्या." माणूस बोलका, पोट सुटलेलं, पांढरा सदरा कायम इस्त्रीचा. आपल्याला धंदा कळतो हे त्यांना माहीत होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

"आपण ही भिंत काढू या ताई," ते म्हणायचे. "आपण इथं खिडकी घेऊ. मग बघा आपल्याला उजेड कसा येतो ते."

हे "आपण" त्यांच्या धंद्याचं होतं, हे मला कळत होतं. डॉक्टरसुद्धा म्हणतात, आपण एक रक्ताची तपासणी करू, आणि सुई आपल्याच दंडात जाते. पण दोन वर्षं माझ्याशी कुणी "आपण" म्हणालं नव्हतं. भाजीवाल्याला काय गरज, शेजारच्या कुलकर्णीबाई तर स्वतःखेरीज कुणाबद्दल बोलतच नसत. म्हणून मी खिडकी एकदा उत्तरेला हलवायला लावली आणि पुढच्या खेपेला परत दक्षिणेला आणायला लावली. शिकलगार नव्या नकाशासह येत, मी चहा ठेवी, आणि सकाळ बरी जाई.

चंदनाचं लग्न कसं ठरलं ते सांगायला हवं. ती कॉलेजच्या ग्रंथालयात होती. तिथं बेळगावचे एक निवृत्त मुख्याध्यापक, जिनगोंडा पाटील, जुन्या जैन बस्त्यांवरची, म्हणजे मंदिरांवरची, पुस्तकं धुंडाळायला यायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एक पुस्तक शोधायला इतक्या वेळा यावं लागत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. एका संध्याकाळी आम्ही मेथी निवडत बसलो होतो.

"अक्का, पाटीलसरांनी विचारलंय," चंदना म्हणाली.

"काय?"

"लग्नाचं."

"मेथी नीट निवड," मी म्हटलं, "काड्या राहतायत."

तिनं काड्या काढल्या. त्यावर आम्ही आठवडाभर काही बोललो नाही. मग ती हो म्हणाली. पन्नाशी उलटल्यावर. लग्न मंदिरातच झालं. मी जरीची साडी नेसून उभी होते, सगळ्यांना हवं नको बघत होते. परत आले, ओट्याशी उभी राहिले आणि हिशेबाच्या बाहेर दोन भाकऱ्या जास्त थापल्या. कुणी खायला नव्हतं, दुसऱ्या दिवशी कुस्करून खाल्ल्या. लोक म्हणाले, त्रिशलाक्कांचं मन मोठं. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

सकाळ कशीही निघून जायची. संध्याकाळचं जेवण आमच्यात दिवस मावळायच्या आत, त्यामुळे त्या गडबडीत पाच-सहा वाजायचे. अवघड होती ती दुपार. जेवण झालं, भांडी झाली, की घर जे गप्प व्हायचं ते चार-साडेचारपर्यंत. पूर्वी त्या वेळेला मी नोकरीवर असायचे. रविवारी दोघी चटईवर पडून पेपर वाचायचो; ती मोठ्यानं वाचायची, मी ऐकता ऐकता झोपायचे. आता त्या वेळेला मी चंदनाला फोन करायचे. मोबाइल अजून आमच्यासारख्यांच्या घरात पोचले नव्हते. दिवाणखान्यातला काळा फोन मांडीवर घ्यायचा आणि बेळगावचा नंबर फिरवायचा.

आणि इथंच माझा कान आडवा आला.

मी सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. डोक्याला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आम्ही ऐकायचं नसे, पण लाइन लागली की नाही हे बघायला पहिली दोन-चार वाक्यं कानावर पडतच. त्यावरून मला कळायचं की कुणाकडं मयत झालंय, कुणाला मुलगा झालाय, कोण नवऱ्याशी खोटं बोलतंय. चहाच्या वेळी मी मैत्रिणींना सांगायचे आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. मला त्याचा गर्व होता. बाकी गर्व करण्यासारखं माझ्याजवळ फार नव्हतं.

तर चंदना फोनवर हळू बोलायची. अगदी कुजबुजल्यासारखं. "हं. बरी आहे. तू?" मी काही लांबण लावली तर "हं, हं" करायची. तिच्यामागं खोलीत कुणीतरी आहे हे मला श्वासावरून कळायचं. आमची चंदना एरवी इतक्या मोठ्यानं बोलायची की ग्रंथालयात तिला नोकरी दिलीच कशी असं मी चिडवायचे. आता तिला स्वतःच्या घरात तोंड उघडायची चोरी होती.

शिवाय तो शब्द. लग्न झालेली मुलगी महिनाभरात "आमच्याकडे" म्हणायला लागते. माहेरी येते आणि आईला सांगते, आमच्याकडे आमटीत गूळ नाही घालत. आई आमटी ढवळता ढवळता जराशी थांबते आणि परत ढवळायला लागते. हे सगळ्या घरांत होतं. पण चंदना दोन वर्षांत एकदाही "आमच्याकडे" म्हणाली नव्हती. "इकडे" म्हणायची. इकडे पाऊस नाही. इकडे पाणी एक दिवसाआड येतं. इकडे सगळे लवकर झोपतात. जणू ती एखाद्या धर्मशाळेत उतरली होती.

मी फोन ठेवला की मांडीवर तसाच घेऊन बसायचे आणि विचार करायचे, ही सुखात नाही. आज ना उद्या ही परत येणार. मानी आहे, तोंडानं म्हणायची नाही. पण आली तर तिला वाटायला नको की आपली जागा गेली. तिला खोली तयार हवी.

त्यामुळे शिकलगारांना मी दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या गोलाची खोली आम्ही अगदी मन लावून आखली.

"बहिणीला काय काय लागतं?" त्यांनी विचारलं.

"खिडकी पूर्वेला. सकाळी उठून वाचत बसते. पुस्तकांचं कपाट भिंतभर, पण वरचा कप्पा हाताला येईल असा. स्टुलावर चढली की तिला गरगरतं. पलंगाशेजारी दिव्याचं बटण, झोपल्या झोपल्या बंद करता आलं पाहिजे. आणि पंखा बरोबर डोक्यावर नको. सर्दी होते."

शिकलगार भराभर लिहून घेत होते. "सगळं पाठ आहे की तुम्हाला. आणि तुमच्या खोलीत?"

"माझ्या खोलीत काय. चालेल काहीही."

ते पेन्सिल धरून जरा वेळ थांबले. मी काहीतरी सांगावं असं मलाही वाटलं, पण खरोखरच काही सुचेना. मग ते म्हणाले, "बरं, ते नंतर बघू आपण."

नकाशा पक्का झाला. लाद्या ठरल्या, नळ ठरले, पडद्यांचं कापडसुद्धा ठरलं. आता कधी सुरू करायचं म्हणून विचारलं तर शिकलगारांनी टेप गुंडाळून खिशात टाकला.

"एक राहिलं ताई. बहिणीला बोलवा."

"ती कशाला? मी सांगितलंय की सगळं."

"तुम्ही सांगितलंय, त्यांनी न्हाई सांगितलं. माझा नियम आहे. घरात राहणारं प्रत्येक माणूस नकाशासमोर बसल्याशिवाय मी हातोडा उचलत न्हाई. मिरजेत एकदा फसलो. सासूबाई मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. सून म्हणाली, त्यांचं काही नसतं, करा तुम्ही. केलं. सासूबाई आल्या, ओट्यासमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, हा ओटा आहे का माळा? आख्खा ग्रॅनाइट फोडायला लावला. तेव्हापासून कानाला खडा. आणि ओट्याचं माप तर मी स्वतः घेतो, ज्या ज्या बाईनं तिथं उभं राहायचं तिचं."

मी नाना सबबी सांगितल्या. शिकलगार मान हलवत राहिले आणि हसत राहिले. त्यांच्यापुढं माझं काही चाललं नाही.

त्या दुपारी मी फोन केला.

"चंदना, एकदा सांगलीला ये."

"काय झालं? पाठ?" तिचा तोच दबका आवाज.

"पाठ आहे आपल्या जागी. घराचं काम काढलंय. तुला बघायला हवं."

"मी काय बघायचं गं, तुझं..." ती मध्येच थांबली. मग म्हणाली, "येते. गुरुवारी येते."

त्या थांबण्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. गुरुवारपर्यंत मी घर चकचकीत केलं, जे आठवड्यात पाडायचं होतं ते. तिच्या जुन्या पलंगावर नवी चादर घातली. काय बोलायचं तेही ठरवलं. परत ये असं म्हणायचं नव्हतं. नकाशावर बोट ठेवून सहज म्हणायचं, ही तुझी खोली. बाकी तिला कळलं असतं.

पण निपाणीच्या पुढं तिची एसटी बंद पडली आणि ती आली तेव्हा शिकलगार आधीच येऊन बसले होते. टेबलावर नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर माझ्या चार वाट्या. चंदना दारात आली. अंगानं थोडी भरली होती. हातात बांगड्या आणि कुंद्याचा पुडा. मला मिठी मारायला पुढं आली आणि परक्या माणसाला बघून थबकली.

"या, या ताई," शिकलगार उठले. "तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की ओळख करून द्यायला नको. बसा. ही बघा तुमची खोली. खिडकी पूर्वेला. वरचा कप्पा हाताला येतो, स्टूल नको. पंखा असा बाजूला घेतलाय, सर्दी व्हायची न्हाई."

मी जे सहज म्हणणार होते ते या माणसानं एका दमात म्हणून टाकलं.

चंदनानं नकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी वाट्या सरळ करत होते. 

"छान आहे," ती शेवटी म्हणाली.

"खोलीचं मागं-पुढं चालतं," शिकलगार खुशीत आले होते. "ओटा चुकला की बाई मला जन्मभर शिव्या घालते. चला, आधी माप घेऊ."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो. त्यांची पद्धत अशी की बाईनं चपला काढून भिंतीला लागून ताठ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा. ते जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायचे, चार बोटं खाली यायचे आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारायचे. आधी माझी रेघ झाली. आईच्या ओट्यापेक्षा ती इतकी वर होती की मला माझ्याच पाठीची दया आली.

"आता तुम्ही, ताई."

चंदना भिंतीशी उभी राहिली. हात दुमडला. शिकलगार खाली वाकले.

"मला थोडा उंचच लागेल," ती म्हणाली. "आमच्याकडचा ओटा उंच आहे, आता त्याचीच सवय..."

ती थांबली.

शिकलगारांनी रेघ मारली आणि मान वर केली. "तुमच्याकडचा? कुठं?"

"बेळगावला," चंदना म्हणाली. ती त्यांच्याकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

शिकलगारांनी तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बहुधा तेव्हा प्रथम पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माणूस व्यवहारी होता पण अडाणी नव्हता. पेन्सिल कानावर अडकवत म्हणाले, "मी जरा गच्चीवरचा उतार बघून येतो." आणि जिना चढून गेले.

चंदना हात खाली घ्यायला विसरली होती. तिनं तो सावकाश खाली घेतला.

"अक्का, त्यांना काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, माणसं किती. मी म्हटलं दोघी."

"आणि ती खोली?"

"तुला यायचं झालं तर."

"मी कशाला येईन?"

तिनं हे रागानं विचारलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मी तयार असते कायम. पण तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं, एखादा पत्ता विचारावा तसं.

"तू फोनवर कुजबुजतेस," मी म्हटलं. "घाबरून बोलल्यासारखी. मागं कुणीतरी असतं, मला कळतं. आणि दोन वर्षांत एकदासुद्धा आमच्याकडे म्हणाली नाहीस. इकडे, इकडे. मला वाटलं, तुला तिथं..."

"त्रास आहे?"

"हो."

चंदना आईच्या ओट्याला टेकून उभी राहिली. जरा हसली, पण ते हसू टिकलं नाही.

"हे पहाटे उठतात गं. दुपारी जेवले की तासभर झोपतात, आणि झोप अशी की भांडं वाजलं तरी जाग येते, मग रात्रीपर्यंत डोकं दुखतं. फोन त्यांच्या उशाशी. वायर दारापर्यंत पुरत नाही. आणि तू नेमका तेव्हाच करतेस."

"मग उचलायचा नाही."

"तुझा असतो म्हणून उचलते."

बाहेर कुलकर्णीबाई कुणालातरी हाका मारत होत्या. मी त्या ऐकत राहिले, कारण काहीतरी ऐकायला हवं होतं.

"आणि तो शब्द?" मी विचारलं.

"तो गिळते मी. पहिल्याच महिन्यात एकदा ओठावर आला होता. तू फोनवर होतीस. भाताचं काहीतरी सांगत होतीस, की एकटीपुरता भात नीट होतच नाही. मला आमच्याकडे म्हणवेना. वाटलं, तुला लागेल."

"लागलं आत्ता."

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेतला. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला गार लागल्या. मला रडू आलं नाही. मला फक्त फार एकटं वाटलं, ती समोर असताना, ती गेली त्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त. त्या दिवशी निदान ती परत येणार असं मनात धरता आलं होतं.

"पोचल्याचं कळवायचं राहिलं," ती एकदम म्हणाली आणि दिवाणखान्यात गेली. काळा फोन तिनं मांडीवर घेतला, मी घेते तसाच.

"हॅलो! हो, पोचले. एसटी बंद पडली होती. मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही. कोशिंबीर झाकून ठेवलीय, ती खा. नुसता दहीभात खाऊन उठू नका. अहो, नाही दिला अजून कुंदा, आत्ता तर आले. हो. हो. उद्या दुपारची गाडी धरते."

ती ओरडत होती. सबंध घर त्या आवाजानं भरलं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाऊस आला की ती खाली मला अशीच हाक मारायची. तो आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता आणि मला वाटलं होतं की तो कुणीतरी बंद केलाय. अर्धं आयुष्य लोकांच्या आवाजावरून त्यांची घरं ओळखली, आणि सख्ख्या बहिणीचं ओळखता आलं नाही.

शिकलगार जिन्यावर मुद्दाम पाय आपटत खाली आले. टेबलाशी बसले. नकाशाकडं बघत, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तर मग ताई, माणसं किती धरायची?"

चंदना फोन खाली ठेवून तशीच बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

"एक," मी म्हटलं.

तो आकडा मी तोपर्यंत कुणापुढं उच्चारला नव्हता. स्वतःशीसुद्धा नाही. उच्चारल्यावर काही झालं नाही. शिकलगारांनी चारही वाट्या बाजूला केल्या, नकाशा गुंडाळला आणि पिशवीतून कोरा कागद काढला.

"बरं. मग आपण परत पहिल्यापासून बसू. एक माणूस. त्याला सकाळी उजेड कुठं लागतो, दुपारी कुठं बसतं, काय आवडतं, सगळं. सांगा."

 मला काय आवडतं ते मला सांगता येईना. शिकलगार पेन्सिलीचं टोक बघत राहिले.

"पश्चिमेला खिडकी द्या तिला," चंदना मागून म्हणाली. "मोठी. आणि तिच्याशी बसायला रुंद कट्टा. ती दिवस मावळायच्या आत जेवते आणि मग उजेड जाईपर्यंत बाहेर बघत बसते. लहानपणापासून. दिवा लावलेला आवडत नाही तिला तेव्हा. आणि चहाचं कपाट खाली नको, तिच्या हाताशी. भांड्यांचा आवाज नको असतो सकाळी, तर मांडणी दारामागं नको, दार आपटलं की वाजते."

शिकलगार लिहीत होते. मी ऐकत होते. ती एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगत होती असं वाटत होतं, आणि त्या बाईला इतकं सगळं आवडतं हे मला नव्यानं कळत होतं.

निघताना शिकलगार स्वयंपाकघरात गेले. बोट ओलं करून चंदनाची रेघ पुसायला लागले.

"राहू द्या ती," मी म्हटलं. "तशीही टाइलच्या खाली जाणार."

त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याला, हे मला अजून आठवतं.

घर झालं. चावी दिली, चावी घेतली. पश्चिमेची खिडकी खरंच मोठी आहे. ओटा माझ्या कोपराला बरोबर येतो आणि पाठ दुखत नाही. शिकलगार वर्षभर अधूनमधून यायचे, नळ गळतो का, दार अडतं का विचारायला. मग त्यांची कामं वाढली. चंदना वर्षातून दोनदा येते. माझ्या ओट्याशी उभी राहते आणि म्हणते, "तुझ्याकडचा ओटा मला आता ठेंगणा होतो अक्का, आमच्याकडचा बरा." सरळ म्हणते. मीच तिला सांगितलं, गिळत जाऊ नकोस म्हणून.

फोनची वेळ मी बदलली. पाच वाजता करते, स्वयंपाकाला लागायच्या आधी. ती मोठ्यानं बोलते, मध्येच पाटीलसरांना काहीतरी ओरडून सांगते, ते मागून काहीतरी उत्तर देतात. मी ऐकते. आता तिच्याकडं मोबाइल आहे, वायरचा प्रश्न राहिलेला नाही, दुसऱ्या खोलीत जाऊन ती कधीही बोलू शकेल. तिनं तसं सांगितलंही आहे.

जेवण होतं, भांडी होतात. घर गप्प होतं. आता माझाही मोबाइल हाताशीच असतो. दुपारी मात्र मी फोन करत नाही. पाटीलसर झोपलेले असतात.